आधी खाट, मग तिकीट

रविवार, स्टॉकहोम

स्टॉकहोमहून नार्विकला जाणारी रात्रगाडी संध्याकाळी सुटते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पोचते. अंतर दीड हजार किलोमीटरच्या आसपास. स्वीडनच्या पूर्व किनाऱ्याच्या बाजूने वर, मग आर्क्टिक वृत्त ओलांडून डोंगरांत, आणि शेवटी नॉर्वेतल्या समुद्राला. विमानाने वाटेतल्या किरूना गावापर्यंत दीड तासात जाता येतं, पण मग रात्रीच्या खोलीचे पैसे वेगळे. रात्रगाडीत तिकिटातच रात्रही निघते, आणि इथले हॉटेलचे भाव एकदा पाहिले की हा हिशेब लगेच पटतो.

गाडीत तीन तऱ्हा आहेत: नुसती खुर्ची, सहा बर्थांचा कूपे आणि तीन बर्थांचा स्लीपर. खुर्ची सगळ्यांत स्वस्त. विशीत असाल तर जरूर घ्या. आम्ही दोघींनी, म्हणजे मी आणि माझ्या मामेबहिणीने, ताईने, सहा बर्थांचा कूपे घेतला. बरंच आधी काढल्यामुळे तिकीट माणशी हजार क्रोनरच्या आत बसलं. उशी, पांघरूण, चादर मिळते. चादर आपली आपण घालायची.

रेल्वे पासचा विचार केला होता. ‘इंटररेल’ युरोपात राहणाऱ्यांसाठी. बाहेरून येणाऱ्यांना ‘युरेल’ घ्यावा लागतो. पास असला तरी रात्रगाडीच्या बर्थचे पैसे वेगळे पडतात, हे जाहिरातीत ठळक नसतं. रोज उठून नव्या गावाला जायचं असेल तर पास परवडतो. आमच्यासारखं दोन रात्री इथे, एक रात्र तिथे असं असेल तर सुटी तिकिटं आधी काढणं स्वस्त.

मात्र तिकिटांच्याही आधी ठरवली ती झोपायची जागा. ताईचा आग्रहच होता: “आधी खाट, मग तिकीट.” तिचं म्हणणं साधं होतं. उत्तरेत दिवसाला दोनतीनच गाड्या असतात, पण त्यांत जागा सहसा मिळते. गावात मात्र स्वस्त राहण्याच्या जागाही दोनतीनच असतात, आणि त्या भरल्या की पुढचा पर्याय एकदम तिप्पट भावाचा, नाहीतर पुढच्या गावात. पुढचं गाव शंभर किलोमीटरवर. म्हणून किरूनाच्या पुढच्या, डोंगरातल्या आबिस्कोच्या वसतिगृहात दोन खाटा कोणत्या रात्री रिकाम्या आहेत ते आधी पाहिलं आणि बाकी सगळा प्रवास त्या दोन रात्रींभोवती बसवला.

महिना सप्टेंबरचा पहिला पंधरवडा. डास संपलेले, रात्री पुन्हा काळोख पडू लागलेला, भाव उन्हाळ्यापेक्षा उतरलेले, आणि डोंगरातली वसतिगृहं अजून उघडी. महिनाअखेर यातली बरीच बंद होतात आणि हिवाळ्याच्या उत्तरार्धात पुन्हा उघडतात.

सोमवार, किरूना

जाग आली तेव्हा बाहेर पाइन, बर्च आणि पाणी, पुन्हा पाइन, बर्च आणि पाणी. बूडेनला गाडी थांबली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या गावाभोवती डोंगरांत किल्लेबंदी केली गेली, कारण इथूनच पुढे लोखंडाच्या खाणींकडे जाणारा मार्ग लागतो आणि स्वीडनला तेव्हा रशियाची धास्ती होती. आपण ज्या रुळांवरून चाललो आहोत ते प्रवाशांसाठी टाकलेले नाहीत, हे इथून पुढे सारखं जाणवत राहतं. येलिवारे ते लुलिओ हा टप्पा 1888 मध्ये सुरू झाला तो खनिजासाठी. पण लुलिओचं बंदर हिवाळ्यात गोठतं. म्हणून मार्ग डोंगरांतून पश्चिमेला नार्विकपर्यंत नेला. तिथला समुद्र गल्फ स्ट्रीममुळे बारा महिने मोकळा असतो. 1903 मध्ये राजा ऑस्कर दुसरा याच्या हस्ते त्याचं औपचारिक उद्घाटन झालं.

मुर्येकच्या पुढे रुळांच्या कडेला आर्क्टिक वृत्ताची पाटी येते. समोरच्या बर्थवरच्या आजीबाईंनी आम्हाला पाच मिनिटं आधी खिडकीशी उभं केलं म्हणून दिसली, नाहीतर निसटलीच असती.

मार्ग एकेरी आहे. समोरून खनिजाची गाडी येत असेल तर आपण बाजूच्या रुळावर थांबायचं. आम्ही असे बरेचदा थांबलो आणि किरूनाला तासाभराहून जास्त उशिरा पोचलो. आजीबाई शांतपणे विणत होत्या. युरोपीय संघाच्या नियमानुसार साठ मिनिटांपासून पुढच्या उशिराला तिकिटाच्या 25 टक्के आणि दोन तासांपासून 50 टक्के परत मागता येतात; भयंकर हवामानासारखे काही अपवाद आहेत. तिकीट जपून ठेवावं आणि अर्ज करावा. काटकसरीने फिरणाऱ्याला पाव तिकीट म्हणजे एका दिवसाचं जेवण.

किरूनाचं स्टेशन गावात नाही. जुनं स्टेशन 2013 मध्ये बंद झालं, आता गावाबाहेर तात्पुरतं आहे, आणि गाडीच्या वेळेला बस असते. कारण असं की गावाखाली खाण आहे. लोखंडाचा थर सुमारे चार किलोमीटर लांब, तिरका, गावाच्या पोटात शिरत गेलेला. जसजसं खनिज काढतात तसतशी वरची जमीन खचते. म्हणून अख्खं गावच तीन किलोमीटर पूर्वेला हलवायला घेतलं आहे. नवा चौक 2022 मध्ये सुरू झाला. नगरपालिकेच्या नव्या गोल इमारतीशेजारी जुन्या इमारतीचा लोखंडी घड्याळ-मनोरा आणून उभा केला आहे.

राहण्याच्या दृष्टीने किरूना विचित्र आहे. पर्यटक कमी असतानाही आठवड्याच्या मधल्या दिवसांत खोल्या महाग, कारण खाणीच्या आणि बांधकामाच्या कामाला आलेली माणसं तिथे राहतात. आमच्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात रात्री सातला पाच जण बूट काढून बटाटे उकडत होते. त्यांतले चार वेल्डर. इथे ‘वांद्रारहेम’ म्हणजे वसतिगृह हे फक्त पाठीवर पिशवी घेतलेल्या पोरांसाठी नसतं. कुटुंबं, कामगार, निवृत्त जोडपी, सगळे असतात. सहा खाटांच्या खोलीत एक खाट साडेचारशे क्रोनरच्या आसपास. चादर-टॉवेल भाड्याने घेतलं तर आणखी शंभरेक क्रोनर आणि निघताना खोली झाडली नाही तर सफाईचे पैसे वेगळे. सुती चादरीची शिवलेली पिशवी बरोबर असेल तर हा खर्च पहिल्या रात्रीपासूनच वाचतो. ताईने दोन शिवून आणल्या होत्या, आणि त्याबद्दल प्रवासभर तिने कौतुक करून घेतलं.

मंगळवार, किरूना ते आबिस्को

सकाळी चर्च पाहायला गेलो. 1912 मधलं लाकडी, लाल रंगाचं, उतरत्या छपराचं. स्वीडनमधली सगळ्यांत सुंदर वास्तू म्हणून 2001 मध्ये लोकांनी ते निवडलं होतं. ऑगस्ट 2025 मध्ये ते न मोडता, उभंच्या उभं, चाकांच्या गाड्यांवर चढवून दोन दिवसांत पाच किलोमीटर दूर नेलं. वजन 672 टन. त्यासाठी रस्ता रुंद करावा लागला होता. आम्ही बाहेरूनच फेरी मारली. नव्या जागी ते अजून जरा परक्यासारखं वाटतं, आजूबाजूला झाडं नाहीत. गाव हलवण्याबद्दल ज्या दुकानदारीणबाईंशी बोलले त्यांना दुःख कमी आणि नव्या दुकानाच्या भाड्याची चिंता जास्त होती.

आबिस्कोला जाण्यापूर्वी किरूनात सुपरमार्केटमधून किराणा भरून घेतला: ओट्स, मसूर, बटाटे, चीज, कडक राय-ब्रेड. आबिस्को गावात एक दुकान आहे, पण निवड कमी आणि भाव जास्त. हा नियम सगळ्या उत्तरेला लागू: मोठ्या गावात भरा, लहान गावात शिजवा. रोख पैसे मात्र कुठेच लागले नाहीत. स्वीडनमध्ये कार्डाशिवाय सार्वजनिक शौचालयातही अडचण होते.

किरूनाहून आबिस्कोला दीड तासाच्या आत पोचता येतं. उजव्या बाजूला बसा. टॉर्नेट्रेस्क सरोवर लागतं, सत्तर किलोमीटर लांब, आणि संपतच नाही. स्टेशनं दोन आहेत. गावासाठी ‘आबिस्को ऑस्त्रा’, आणि पुढचं राष्ट्रीय उद्यानाच्या दारातलं ‘आबिस्को तुरिस्तस्टेशन’. कुठली खाट घेतली आहे त्यावर कुठे उतरायचं ते ठरतं. मध्ये दोन किलोमीटर चालणं आहे, पाठीवर मसूर असताना ते जाणवतं.

आमची खाट दुसऱ्या स्टेशनाशी, स्वीडिश पर्यटन संघाच्या जागेत. 1885 मध्ये स्थापन झालेली ही संघटना देशभर वसतिगृहं आणि डोंगरातल्या झोपड्या चालवते. सभासदाला प्रत्येक रात्री सवलत मिळते, त्यामुळे दोनतीन रात्री राहायचं असेल तर वर्गणी वसूल होते. इथेच हॉटेलच्या खोल्याही आहेत आणि त्यांचा भाव ऐकून आपण परत डॉर्मिटरीत येतो. दृश्य दोघांना सारखंच: समोर लापोर्तेन, दोन शिखरांमधला हिमनदीने कोरलेला रुंद अर्धगोल.

बुधवार, आबिस्को

आबिस्कोत पाऊस कमी. पश्चिमेचे डोंगर ढग अडवतात आणि वर्षाला जेमतेम 300 ते 350 मिलिमीटर पडतो. चाळीस किलोमीटरवर नॉर्वेच्या बाजूला त्याच्या कितीतरी पट. म्हणून ध्रुवप्रकाश पाहायला लोक इथे येतात. ढग नसण्याचे पैसे मोजायचे असतील तर फेब्रुवारीपेक्षा सप्टेंबरमध्ये कमी पडतात. मंगळवारी रात्री अकरानंतर हिरवा पट्टा दिसला, दहा मिनिटं. स्वयंपाकघरातल्या कुणीतरी ओरडून सांगितलं आणि सगळे चपला शोधत बाहेर पळाले. नंतर सगळं शांत, फक्त गार.

सकाळी कुंग्सलेडेनवर निघालो. ‘राजमार्ग’ म्हणावा अशी ही पायवाट इथून दक्षिणेला हेमावानपर्यंत सुमारे 440 किलोमीटर जाते. बहुतेकांचा पहिला टप्पा आबिस्कोयाउरे झोपडीपर्यंतचा, पंधरा किलोमीटरचा. दिवसभरात जाऊन-येऊन तीस, म्हणून अर्ध्यावरून फिरायचं आमचं आधीच ठरलं होतं. वाट सोपी, सपाट, दलदलीवर फळ्या टाकलेल्या. बर्चची पानं पिवळी होत आलेली आणि जमिनीलगतची झुडुपं लालभडक.

परतताना झोपडीत राहून आलेल्या दोन जर्मन मुली भेटल्या. त्यांच्याकडून झोपडीचा व्यवहार नीट कळला, आणि काटकसरीने फिरणाऱ्याने हा जरूर समजून घ्यावा. झोपडीत वीज नाही, नळ नाही. पाणी नदीवरून बादलीने आणायचं, सांडपाणी ठरलेल्या जागी ओतायचं, लाकडं फोडायची. शेगडीला गॅस असतो. आपण वापरली तेवढी लाकडं पुढच्यासाठी फोडून ठेवायची आणि निघताना खोली झाडायची. झोपडी सांभाळणारी व्यक्ती असते, पण ती नोकर नव्हे. तीही कुठलीतरी शिक्षिका किंवा निवृत्त परिचारिका असते, काही आठवड्यांसाठी स्वयंसेवक म्हणून आलेली. खाटा संपल्या तर? “कुणालाच बाहेर ठेवत नाहीत. जमिनीवर गादी टाकतात,” एक मुलगी म्हणाली. झोपडी स्वस्त नाही, वसतिगृहाच्या खाटेच्या जवळपासच जाते. पण तंबू, स्टो, गॅस यांचं ओझं वाचतं.

तंबूबद्दल एक गैरसमज सारखा ऐकू येतो. स्वीडनमध्ये ‘सार्वजनिक वावराचा हक्क’ आहे. कुणाच्या घराच्या अंगणात न शिरता, शेत न तुडवता एखादी रात्र तंबू टाकता येतो. खरं आहे. पण राष्ट्रीय उद्यानांचे नियम वेगळे. आबिस्को हे 1909 मध्ये युरोपात पहिल्यांदा झालेल्या राष्ट्रीय उद्यानांपैकी एक, आणि इथे ठरवून दिलेल्या जागीच तंबू चालतो. फुकट झोपायचं असेल तर आधी नकाशात उद्यानाची हद्द पाहा.

संध्याकाळी स्टेशनच्या फलाटावर उभं राहून खनिजाची गाडी पाहिली. 68 डबे, साडेसातशे मीटर लांब, भरलेली असताना सुमारे 8,600 टन. ती येताना पायाखालची जमीन आधी बोलते, गाडी मग दिसते.

गुरुवार, नार्विक

आबिस्को ते नार्विक हा टप्पा दोन तासांपेक्षा कमी, पण सगळ्या प्रवासात यासाठीच मी पैसे मोजले असं म्हणेन. रिक्सग्रेन्सेनला स्वीडन संपतं. तिथून गाडी पाचशे मीटरहून जास्त उंचीवरून थेट समुद्रसपाटीला उतरते, चाळीसेक किलोमीटरांत. बोगदे, बर्फ अडवणाऱ्या लाकडी छपऱ्या, आणि मग अचानक उजवीकडे खोल खाली रोम्बाक फ्योर्डचं, म्हणजे डोंगरांत घुसलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या फाट्याचं, पाणी. (उजवीकडेच बसा, इथेही.) भरलेल्या खनिजगाड्या हाच उतार उतरताना ब्रेकमधून वीज बनवतात आणि ती तारेत परत सोडतात, रिकाम्या गाड्यांना वर सरहद्दीपर्यंत चढायला तेवढी पुरते.

एप्रिल 1940 मध्ये जर्मनीने नार्विक घेतलं ते या खनिजासाठी. रोम्बाकच्या टोकाला जर्मन विनाशिका ‘गेओर्ग थीले’चं नाक अजून पाण्याबाहेर आहे. आमच्या डब्यातल्या नॉर्वेजियन गृहस्थांनी बोट दाखवलं. मला झाडंच दिसली, ताईला दिसलं म्हणे. कात्तेरातला उतरून रेल्वे बांधणाऱ्या मजुरांच्या जुन्या वाटेने फ्योर्डपर्यंत चालत जाता येतं. वेळ असता तर तेच केलं असतं.

नार्विकमध्ये डॉर्मिटरी मिळाली नाही. एका घरातली तळमजल्याची खोली घेतली, स्वयंपाकघर सामायिक. किंमत किरूनाच्या दोन खाटांच्या दीडपट. नॉर्वेचं हे लगेच कळतं. तयार जेवण तर विचारूच नका. इथे किराणा दुकानाच्या स्वतःच्या स्वस्त छापाच्या वस्तू शोधायच्या: पास्ता, मासळीचे वडे, गाजरं. त्यावर दोन वेळा निघाल्या.

शुक्रवार, बोडो

नार्विकला उत्तरेचं शेवटचं स्टेशन म्हणतात, पण नकाशात पाहिलं तर ते नॉर्वेच्या उरलेल्या रेल्वेशी जोडलेलंच नाही. दक्षिणेकडचा मार्ग फाउस्के-बोडोला संपतो आणि मध्ये फ्योर्डच फ्योर्ड. जर्मनांनी, नॉर्वे त्यांच्या ताब्यात असताना, युद्धकैद्यांकडून इथे मार्ग बांधायला घेतला होता, नार्विकपर्यंत नेण्यासाठी. अर्धवट बोगदे राहिले, रूळ कधी आलेच नाहीत. म्हणून आज बस. स्कारबेर्गेत-बोग्नेस दरम्यान बस फेरीबोटीवर चढते, सगळे उतरून वर कॉफी प्यायला जातात, अर्ध्या तासाने पुन्हा रस्ता. सहा-साडेसहा तास. शनिवार-रविवारी बस कमी असतात, त्यामुळे शुक्रवारच बरा.

बोडोत कॅम्पिंगमधली ‘हुट्टे’ घेतली. स्वस्त राहण्यासाठी नॉर्वेतली ही सगळ्यांत उपयोगी गोष्ट: तंबूच्या मैदानात लाकडी खोपी, आत दोन किंवा चार खाटा, हीटर, कधी छोटी शेगडी. संडास-न्हाणीघर सामायिक, अंथरूण आपलं. पैसे माणशी नसून खोपीचे असतात, म्हणून चौघं असाल तर डॉर्मिटरीहूनही स्वस्त. दोघींना तेवढंच पडलं, पण दार आपलं.

शनिवार, बोडो ते ट्रॉन्डहाइम

बोडोहून रात्रीचीही गाडी आहे, आणि नॉर्वेत स्लीपरचे पैसे कूपेचे असतात, माणशी नव्हे. दोघांना विभागून बरं पडतं आणि एक रात्र वाचते. घाई असेल तर तीच घ्या. आम्ही दिवसाची घेतली, कारण 729 किलोमीटरचा हा मार्ग अंधारात झोपून जायचा नाही असं ताईने बजावलं होतं.

दहा तास. साल्टफ्येलचं पठार चढताना झाडं ठेंगणी होत होत संपतात. मग नुसता दगड, पाणी, शेवाळ, आणि रुळाच्या दोन्ही बाजूंना रचलेले दगडी स्तंभ: पुन्हा आर्क्टिक वृत्त, यावेळी दक्षिणेकडे जाताना. याही मार्गाचा मोठा भाग युद्धकाळात सोव्हिएत आणि युगोस्लाव्ह कैद्यांनी बांधला, आणि त्यात अनेक जण मेले. गाडी बोडोला पोचली ती 1962 मध्ये. गाडीच्या माहितीपत्रकात रेनडिअर आहेत, हे लोक नाहीत.

मो इ राना, मोशेन, ग्रोंग. दुपारनंतर हिरवीगार शेतं आणि गुरं दिसू लागली, डब्यात शाळेतली मुलं चढली. ट्रॉन्डहाइमच्या थोडं आधी ‘हेल’ नावाचं स्टेशन लागतं. अर्धा डबा फोनने पाटीचे फोटो काढतो आणि नॉर्वेजियन माणसं पेपर वाचत राहतात.

आमचं हे तिकीट स्वस्तातलं होतं. मोजक्या जागा, बदल-परतावा नाही, पण आधी काढलं तर पूर्ण भाड्याच्या निम्म्याहून कमी. ट्रॉन्डहाइमला उतरलो तेव्हा ताईने ओस्लोच्या गाडीचे भाव पाहायला घेतले. रविवारच्या तसल्या स्वस्त जागा संपलेल्या, सोमवारच्या होत्या. तिने तिकिटाचं पान तसंच उघडं ठेवलं आणि आधी वसतिगृहाला फोन लावून रविवारची खाट विचारली.